जाड पत्र्याच्या गाडीत माणसं का मरायची?

गेल्या उन्हाळ्यात जालना रोडला एका डेंटिंगच्या गॅरेजबाहेर अपघातातली गाडी आणून टाकली होती. बॉनेट घडी पडून काचेला टेकलेलं, रेडिएटर इंजिनावर दाबलेला, पुढचं एक चाक तिरपं होऊन आत आलेलं. भोवती पाच-सात जण उभे होते. त्यातल्या एका वयस्कर गृहस्थांनी पत्र्यावर टिचकी मारली आणि म्हणाले, "पत्रा हाय का पापड? आमच्या टायमाच्या गाडीला म्हैस धडकली तर म्हैस पडायची." सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी वाळूजच्या एका प्रेस शॉपमध्ये बावीस वर्षं गाड्यांचे पत्रे दाबले. माझं लक्ष बॉनेटकडं गेलंच नाही. मी ड्रायव्हरच्या दाराचं हँडल ओढलं. दार एका हातानं उघडलं. चौकटीची फट वरपासून खालपर्यंत सारखी होती. आत डॅशबोर्ड जागच्या जागी, स्टिअरिंग जागच्या जागी, त्यातून पांढरी एअरबॅग लोंबत होती. सीटबेल्ट अर्धा बाहेर येऊन तसाच अडकून बसलेला. गॅरेजवाल्याला विचारलं, माणसाचं काय? "पायाला लागलंय थोडं. बाकी बरा हाय, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं."

म्हणजे त्या पापडानं काम चोख केलं होतं. पण उभ्या असलेल्यांपैकी एकालाही तसं वाटत नव्हतं. जुनी गाडी मजबूत आणि नवी गाडी कागदी, ही समजूत आपल्याकडं घरोघरी आहे. त्या समजुतीपायी लोक सीटबेल्टचा पट्टा लावत नाहीत, पुढं लोखंडी गार्ड बसवतात, वीस-पंचवीस वर्षांची गाडी "दणकट आहे" म्हणून लेकरांना शाळेत सोडायला वापरतात. म्हणून हा विषय मुळापासून सांगतो.

आधी धडक म्हणजे काय ते बघू. आपल्याकडं पन्नास फूट खोल विहीर काही नवी नाही. ऐन मे महिन्यात, तळ कोरडा पडलेला असताना, काठावरून एखादी वस्तू खाली पडली तर तळाच्या खडकावर आपटताना तिचा वेग साधारण ताशी ६४ किलोमीटर असतो. म्हणजे ताशी ६४ च्या वेगानं भिंतीला धडकणं आणि विहिरीत पडणं यात शरीराच्या दृष्टीनं फरक नाही. ताशी ८० ला ही विहीर ८० फुटांच्या पुढं जाते. ताशी १०० ला जवळजवळ १३० फूट. वेग दुप्पट झाला की खोली चौपट होते, कारण धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते. समृद्धी महामार्गावर ताशी १२० ची मर्यादा आहे. तिथली विहीर १८० फुटांपेक्षा खोल.

आता दुसरा प्रश्न. विहिरीच्या तळाशी खडक आहे की कडबा? लहानपणी आम्ही शेतातल्या आखाड्यावर माळवदावरून कडब्याच्या गंजीवर उड्या मारायचो. तीच उडी फरशीवर मारली असती तर पाय मोडले असते. उंची तीच, वेग तोच. फरक इतकाच की फरशी तुम्हाला क्षणात थांबवते आणि कडबा दबत दबत थांबवतो. थांबायला जितकं अंतर जास्त मिळेल तितका शरीरावरचा जोर कमी.

हा फरक किती मोठा आहे ते आकड्यात सांगतो. ताशी ५० च्या वेगानं जाणारा ६० किलोचा माणूस १० सेंटिमीटरमध्ये थांबला, तर त्याच्यावर सरासरी सहा टनांच्या आसपास जोर येतो. तोच माणूस ६० सेंटिमीटरमध्ये थांबला तर एक टन. एक टनही थोडा नाही, पण पट्ट्यानं तो छाती, खांदा आणि कमरेच्या हाडांवर वाटला गेला तर माणूस जगतो. सहा टनांत जगत नाही.

गाडीचं नाक चेपतं ते हे ५०-६० सेंटिमीटर मिळवून देण्यासाठी. बॉनेटखालचे लांबट दांडे असे बनवतात की ते अकॉर्डियनसारखी घडी पडत जावेत. त्यात ठरावीक जागी खाचा असतात, पन्हळी असतात, म्हणजे घडी कुठं पडायची ते आधीच ठरलेलं असतं. ही कल्पना बेला बारेनी या मर्सिडीज-बेन्झच्या अभियंत्याची. त्यानं १९५१ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५९ मध्ये तशी पहिली गाडी बाजारात आली. त्याआधी सगळ्या जगाची समजूत आपल्या गॅरेजबाहेरच्या गृहस्थांसारखीच होती: गाडी जितकी टणक तितका आतला माणूस सुरक्षित. बारेनीनं गाडीचे तीन भाग केले. पुढचा चेपणारा, मागचा चेपणारा, आणि मधली माणसांची खोली जी अजिबात चेपता कामा नये. आजची प्रत्येक चांगली गाडी याच विभागणीवर उभी आहे.

जुन्या गाडीत काय व्हायचं हे मला घरातून माहीत आहे. १९९१ साली माझे थोरले मामा गेवराईकडून बीडला येत होते. समोर बैल आला, त्यांनी गाडी कडेला घेतली आणि ती रस्त्याकडेच्या लिंबाला धडकली. वेग फार नव्हता. बंपर वाकला, एक दिवा फुटला, बॉनेटला पोक आला. बस्स. मामांच्या छातीवर मात्र स्टिअरिंगच्या चाकाचा अर्धा गोल उमटला होता. दवाखान्यात नेईपर्यंत गेले. गाडी महिनाभरात दुरुस्त होऊन पुन्हा रस्त्यावर आली. आजी मरेपर्यंत विचारायची, "गाडीला काहीच झालं न्हाई, मग माझं लेकरू कसं गेलं?" त्याचं उत्तर मला पुढं नोकरीत कळलं. गाडीला काही झालं नाही म्हणूनच.

एका अपघातात तीन धडका होतात. पहिली गाडीची, झाडाला. दुसरी माणसाची, गाडीच्या आतल्या भागाला; कारण गाडी थांबली तरी बिनपट्ट्याचं शरीर मूळ वेगानं पुढं जात राहतं. तिसरी शरीराच्या आत: छाती थांबते पण काळीज, फुप्फुस, यकृत पुढं जाऊन बरगड्यांवर आपटतात, त्यांच्या शिरा ताणल्या जातात. तिसरी धडक वरून दिसत नाही. जुन्या गाडीत पहिली धडक एकदम टणक, त्यामुळं दुसरी आणि तिसरी भयंकर. आणि दुसरी धडक कशावर? लोखंडी डॅशबोर्डवर, बाहेर आलेल्या बटणांवर आणि सगळ्यात वाईट म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्यावर. हा दांडा एकसंध असायचा. नाक जरा मागं सरकलं की तो भाल्यासारखा ड्रायव्हरच्या छातीकडं यायचा. आता तो दुर्बिणीसारखा स्वतःत मिटतो. समोरची काच आता दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा घालून केलेली असते, ती तडकते पण सुटे तुकडे होऊन तोंडावर येत नाही. दारांचे खटके धडकेत उघडून माणूस बाहेर फेकला जायचा, तेही आता पक्के झालेत.

कुणाला वाटेल मामांची गोष्ट एकट्यादुकट्याची. तर २००९ साली अमेरिकेत विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या महामार्ग सुरक्षा संस्थेनं आपल्या पन्नाशीनिमित्त एक चाचणी केली. १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोले मालिबू, दोन्ही ताशी ६४ किलोमीटरनं समोरासमोर, ड्रायव्हरच्या बाजूनं एकमेकांवर घातल्या. बेल एअर ही लांबलचक, भरदार पत्र्याची, कुणालाही रणगाडा वाटावी अशी गाडी. धडकेत तिची माणसांची खोलीच कोसळली. डॅशबोर्ड आणि स्टिअरिंग ड्रायव्हरच्या जागी बसवलेल्या पुतळ्याच्या अंगावर आले, काच निघून गेली. तिच्यात पट्टे नव्हते, एअरबॅग नव्हत्या. खरा माणूस असता तर जागीच गेला असता. मालिबूचं नाक पार चुरगळलं, पण तिच्या ड्रायव्हरच्या पुतळ्याला पायाची किरकोळ दुखापत इतकंच नोंदलं गेलं. या चाचणीचा व्हिडिओ सहज सापडतो. घरात जुन्या गाडीचा अभिमान असणारं कुणी असेल तर त्यांना दाखवा, आणि खोलीच्या आतून घेतलेलं दृश्य नीट बघा.

म्हणजे जुनी गाडी सगळीकडूनच टणक होती असंही नाही. हलक्या धडकेत जिथं चेपायला हवं तिथं ती अडून बसायची आणि मोठ्या धडकेत जिथं अडायला हवं तिथं कोसळायची.

आता माझ्या कामाची गोष्ट. पत्रा जाड की पातळ हा प्रश्नच अपुरा आहे. पत्रा कोणत्या जातीचा, हे विचारायला हवं. नव्या गाडीचं बॉनेट, फेंडर, दाराची बाहेरची कातडी हे मऊ आणि पातळ असतात. त्यांच्यावर टिचकी मारून काही कळत नाही. खरी गाडी त्या कातडीच्या आत असते. दोन दारांमधला उभा खांब, काचेच्या बाजूचे तिरपे खांब, छताच्या कडा, दाराखालचा उंबरा, दाराच्या आतला आडवा दांडा, हा झाला माणसांचा पिंजरा. यातले महत्त्वाचे भाग आता बोरॉन मिसळलेल्या पोलादाचे करतात. ते पोलाद भट्टीत ९०० अंशांच्या वर तापवतात, लालभडक असतानाच डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबतात आणि डाय बंद असतानाच डायमधून खेळवलेल्या पाण्यानं थंड करतात. दाबणं आणि पाणी देणं एकाच वेळी. कोयत्याला पाणी देतात तसंच, फक्त सेकंदाच्या हिशोबात. असा पत्रा साध्या मऊ पत्र्याच्या चार-पाच पट जोर सोसतो. म्हणूनच दीड-दोन मिलिमीटरचा खांब जुन्या गाडीतल्या जाड खांबाला भारी पडतो.

यातून एक गोष्ट निघते जी आपल्या भागातल्या गॅरेजांमध्ये फार थोड्यांना ठाऊक आहे. हा पत्रा वाकला तर गॅसच्या ज्योतीनं लाल करून, ठोकून सरळ करायचा नसतो. तापवला की दिलेलं पाणी उतरतं आणि खांब मऊ पडतो. वरून लांबी (पुटी) लावून, रंग मारून गाडी कोरी दिसते, पण पुढच्या धडकेत तो खांब आधार देणार नाही. जुनी गाडी विकत घेताना दाराचं रबर ओढून खांबाच्या कडेची वेल्डिंगची टिंबं बघा. कंपनीची टिंबं गोल, सारख्या अंतरावर असतात. गॅरेजमधली वेल्डिंग वेडीवाकडी दिसते. आणि चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर कुणीतरी त्याला हात लावलाय, एअरबॅग बहुधा आत नाहीच.

नाक चेपलं, पिंजरा टिकला, पण माणूस सुटा असेल तर सगळं फुकट. चेपणारं नाक जो वेळ मिळवून देतं तो गाडीला बांधलेल्यालाच मिळतो. तीन ठिकाणी धरणारा पट्टा १९५९ मध्ये व्होल्वोच्या निल्स बोलिननं आणला. आधी तो लढाऊ विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या सीटवर काम करायचा. व्होल्वोनं हे पेटंट सगळ्या कंपन्यांना खुलं केलं. एका कंपनीनं पैसा सोडला आणि लाखो माणसं जगली, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

आजचा पट्टा त्याहून हुशार आहे. धडक जाणवताच आतली बारूद पेटते आणि पट्टा क्षणात मागं ओढला जातो, सैलपणा जातो. मग छातीवरचा जोर एका मर्यादेपलीकडं गेला की तोच पट्टा मोजूनमापून थोडा सैल सोडतो, बरगड्या मोडू नयेत म्हणून. गॅरेजबाहेरच्या गाडीतला तो अर्धा बाहेर अडकलेला पट्टा हेच काम करून थांबला होता.

मागच्या सीटवर पट्टा लागत नाही, असं अजूनही सर्रास मानतात. परळीचे गोपीनाथ मुंडे ३ जून २०१४ ला दिल्लीत गेले तेव्हा सगळा मराठवाडा सुन्न झाला होता. ते मागच्या सीटवर होते, पट्टा लावलेला नव्हता. वरून फारशी जखम नव्हती. शवविच्छेदनात यकृताची इजा आणि पोटातला रक्तस्राव निघाला. तिसरी धडक म्हणतात ती हीच. पट्टा असता तर ते वाचले असते, असं त्या वेळचे आरोग्यमंत्री हर्षवर्धन, जे स्वतः डॉक्टर आहेत, जाहीरपणे बोलले होते. आपल्या भागानं इतका मोठा माणूस गमावला आणि तरी आपल्या गाड्यांमध्ये मागची बकलं सीट कव्हरखाली दाबलेली असतात. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणं २०२२ मध्ये पट्टा न लावलेले १६,७१५ लोक देशात रस्त्यावर मेले. त्यातले ८,३३१ ड्रायव्हर नव्हते, शेजारी आणि मागं बसलेले होते.

लेकराला मांडीवर घेऊन पुढं बसू नका. ताशी ५० च्या धडकेत, सगळं नीट काम करत असतानाही, दहा किलोचं लेकरू क्षणभर दीडशे किलोंहून जड होतं. सोयाबीनची तीन पोती कुठल्याही आईच्या हातात राहणार नाहीत. लेकरासाठी वेगळी सीट येते, ती मागं बांधायची.

एअरबॅगबद्दल थोडक्यात. ती उशी नाही, स्फोट आहे. धडकेनंतर डोळ्याची पापणी लवायच्या आत ती फुगून उभी राहते. ती पट्ट्याला जोड म्हणून बनवलेली आहे. पट्टा नसेल तर शरीर आधीच पुढं सरकलेलं असतं आणि फुगत्या पिशवीवर आपटतं. डॅशबोर्डवर पाय टाकून बसणाऱ्याचे गुडघे त्याच्याच तोंडात जातात. पट्टा लावला नाही की वाजणारी शिट्टी बंद करायला नुसतं बकल अडकवायची जी क्लिप मिळते तिची ऑनलाइन विक्री थांबवायचे आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२३ मध्ये दिले. तरी ती दुकानांत मिळते. घेऊ नका.

पुढच्या लोखंडी गार्डचंही तसंच. आपल्याकडं मोठ्या गाडीला गार्ड नसेल तर गाडी उघडी वाटते लोकांना. पण गार्ड थेट चेसीच्या दांड्यांना बसवलेला असतो. धडकेचा जोर मोजून बनवलेल्या घडीतून न जाता भलत्याच वाटेनं आत येतो, आणि एअरबॅगच्या सेन्सरला धडक नीट कळत नाही. शिवाय समोर माणूस किंवा मोटारसायकल आली तर त्याच्यासाठी तो गज जीवघेणा. डिसेंबर २०१७ मध्येच केंद्रानं राज्यांना यावर कारवाई करायला सांगितलं आहे.

हे सगळं ज्ञान जगाला साठ वर्षांपूर्वी मिळालं, मग आपल्या गाड्यांत कधी आलं? फार उशिरा. मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली अँबेसेडर १९५७ च्या सुमारास सुरू झाली आणि तोच मूळ सांगाडा घेऊन २०१४ पर्यंत बनत राहिली. त्याच २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेनं भारतात खपणाऱ्या पाच छोट्या गाड्या ताशी ६४ नं अडथळ्यावर घातल्या. सुरक्षिततेच्या पाच ताऱ्यांपैकी पाचही गाड्यांना शून्य. पण पाचांत फरक होता. तिघींचा पिंजराच कोसळला. त्यांना एअरबॅग लावूनही उपयोग नव्हता असं संस्थेनं स्पष्ट लिहिलं. दोघींचा पिंजरा टिकला होता, फक्त एअरबॅग नव्हत्या. त्यातल्या फोक्सवॅगन पोलोला दोन एअरबॅग लावून पुन्हा तपासलं तर चार तारे मिळाले. म्हणून गाडी घेताना "एअरबॅग किती?" याच्या आधी "सांगाडा स्थिर आहे का?" हे विचारा. अहवालात ते लिहिलेलं असतं.

त्यानंतर गोष्टी भराभर बदलल्या. ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेलना आणि ऑक्टोबर २०१९ पासून सगळ्याच गाड्यांना समोरची आणि बाजूची धडक चाचणी पास होणं सक्तीचं झालं. जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग आणि पट्ट्याची शिट्टी आली. डिसेंबर २०१८ मध्ये टाटा नेक्सॉन पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी ठरली. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची तारे देणारी योजना, भारत एनकॅप, सुरू आहे; तिथली तपासणी कंपनीच्या मर्जीवर आहे, सक्तीची नाही. तारे नसलेली गाडी वाईटच असं नाही, पण मी स्वतः तारे बघितल्याशिवाय घेणार नाही. आणि हे लक्षात असू द्या की पाच तारे ताशी ६४ च्या धडकेचे आहेत. ताशी १०० ला ऊर्जा त्याच्या जवळजवळ अडीचपट असते.

एका धडकेपुढं मात्र हे सगळे तारे फिके पडतात, आणि ती आपल्याच भागात जास्त होते. गाळप हंगाम सुरू झाला की माजलगाव, अंबाजोगाई, लातूरकडच्या रस्त्यांवर रात्री उसाच्या ट्रॉल्या उभ्या असतात. मागं दिवा नाही, ऊस फळीच्या बाहेर चार-पाच फूट लोंबतोय. मागून येणाऱ्या गाडीचं नाक ट्रॉलीच्या खाली जातं. चेपायला समोर काही येतच नाही. ट्रॉलीची फळी थेट काचेवर आणि तिरप्या खांबांवर येते, म्हणजे पिंजऱ्याच्या सगळ्यात कमकुवत जागी, डोक्याच्या उंचीला. खालचे ते सगळे दांडे, घड्या तशाच कोऱ्या राहतात. एअरबॅग कधी उशिरा उघडते, कधी उघडतच नाही. ट्रकच्या मागं खाली आडवी पट्टी असते ती यासाठीच, कारचं नाक तिला भिडावं म्हणून. ट्रॉल्यांना ती बहुतेक वेळा नसते.

गेल्या दिवाळीआधी आमच्या गावातल्या दोन ट्रॉल्यांना मी रेडियमच्या लाल पट्ट्या आणून लावल्या. फळीच्या दोन्ही कडांना आणि मधोमध. ट्रॅक्टरवाला पोरगा म्हणाला, "काका, ऊस भरला की पट्ट्या झाकून जातेत." बरोबर होतं त्याचं. मग पट्टी एका बांबूला गुंडाळली आणि तो बांबू उसाच्या टोकाला आडवा बांधायचा ठरवलं. रात्री रस्त्यावर जाऊन लांबून हेडलाइट टाकून बघितलं. दिसत होतं.